दुपारी गुलाबी होणारं पाणी

बाटलीत औषधाचे दोन थेंब टाकले आणि तलावाचं पाणी गुलाबी झालं. काठावर जमलेल्या माणसांत एकदम गलका उठला.

"पाह्यलं? सोडाच हाये पाण्यात!" सरपंच नानाजी म्हणाले. "बाई, लिवा आता रिपोर्ट. कायमचं बंद करा ते केंद्र."

केंद्र म्हणजे देवळीजवळच्या एका गावातलं सूत रंगवायचं केंद्र. टिनाचं शेड, चार हौद आणि रोजीवर येणाऱ्या बाया. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी वर्ध्याच्या सरकारी प्रयोगशाळेत ज्युनिअर केमिस्ट होते. होळी झाली आणि एका सकाळी तलावातले मासे मरून काठाला लागले. मासे धरणाऱ्या ढीवरांचा हंगाम बुडाला. सूत रंगवायला कॉस्टिक सोडा लागतो, हे गावाला माहीत होतं. त्यामुळे संशय सरळ तिकडेच गेला. तहसीलदारांनी केंद्राला तात्पुरतं कुलूप लावलं आणि आम्हाला पाणी तपासायला सांगितलं.

मी टाकलेलं औषध होतं फिनॉल्फ्थॅलीन. पाणी सोड्यासारखं अल्कली झालं की ते गुलाबी होतं. पीएच पेपरनेही तेच सांगितलं. पीएच म्हणजे पाण्याचा आंबटपणा किंवा अल्कलीपणा मोजायचा आकडा. सात म्हणजे मधला. इथे तो जवळजवळ दहा होता.

गर्दीपासून जरा दूर केंद्राच्या प्रमुख कौसल्याबाई उभ्या होत्या. त्यांनीच दारोदार फिरून या बाया गोळा केल्या होत्या.

"बाई, आमचं पाणी तलावात जातच नाई," त्या म्हणाल्या. "मांगच्या खड्ड्यात जिरते. चाला, दाखवतो तुमाले."

मी गेले. खड्डा शेडच्या मागे होता, आणि जमिनीचा उतार तलावाच्या उलट्या बाजूला. केंद्र बंद होऊनही आठवडा होत आला होता. मग तलावात सोडा आणत होतं कोण?

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी पुन्हा गेले. ऊन चढायच्या आत पाणी घेतलं, तेच औषध टाकलं. रंग आला नाही. आणखी दोन थेंब टाकले. तरी नाही. मला एकदम हलकं वाटलं, कारण सोडा काही रात्री झोपायला जात नाही.

वर्ध्याला येऊन प्रयोगशाळेतल्या साहेबांना सांगितलं.

"दुपारचा पीएच दहा आहे ना?" ते म्हणाले. "अजून काय पाहिजे? रिपोर्ट टाईप करा."

"सर, सोडा असता तर सकाळी कुठे गेला असता?"

साहेबांनी चष्मा काढला. "मग तुमचं म्हणणं काय?"

"शेवाळ, सर."

तलावाचं पाणी हिरवंगार होतं. तो हिरवेपणा डोळ्यांना सुटं न दिसणाऱ्या, अगदी बारीक शेवाळाचा असतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो आणि त्यामुळे पाण्याला किंचित आंबटपणा येतो. उन्हात हे शेवाळ तो वायू ओढून घेतं आणि त्यातल्या कार्बनपासून स्वतःचं शरीर घडवतं. याला कार्बनचं स्थिरीकरण म्हणतात. शेवाळ फार माजलं की दुपारपर्यंत वायू संपत येतो, आंबटपणा जातो आणि पाणी अल्कली होतं. रात्री ऊन नसतं. तेव्हा शेवाळासकट पाण्यातले सगळे जीव फक्त श्वास घेतात. वायू परत साठतो, पाणी पूर्वपदावर येतं. पण त्या श्वासात ऑक्सिजन संपतो, आणि पहाटे मासे गुदमरतात.

"पटतंय," साहेब म्हणाले. "पण गावाला पटलं पाहिजे. त्यांच्यासमोर करून दाखवा. फसलं तर केंद्र गेलं, एवढं लक्षात ठेवा."

मी दवाखान्यातून सलाइनच्या दोन रिकाम्या काचेच्या बाटल्या मागून आणल्या. गावात सकाळीच पोचले. पाणी नानाजींनी स्वतःच्या हाताने भरलं. दोन्हींतून थोडंथोडं काढून औषध टाकून दाखवलं. रंग नाही. मग बुचं लावली. एका बाटलीला काळं कापड गुंडाळलं, दुसरी तशीच ठेवली. दोन्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर.

आणि आभाळ भरून आलं. मार्चच्या ऐन उन्हात ढग! मी वर बघत बसले. लोक कुजबुजायला लागले.

"काऊन बाई, काई होऊन राह्यलं का नाई?" नानाजींनी विचारलं.

"ऊन पाहिजे, नानाजी."

"ऊन का आता मी आणू?"

लोक हसले. कौसल्याबाई हसल्या नाहीत. त्या बाटल्यांजवळ बसून होत्या, पदर घट्ट धरून. जेवणवेळ टळून गेली तेव्हा कुठे ढग फाटले आणि चटका देणारं ऊन पडलं. अजून थोडा वेळ जाऊ दिला. मग नानाजींनाच बुचं काढायला लावली. काळ्या कापडाच्या बाटलीत थेंब टाकले. पाणी होतं तसंच राहिलं. उन्हातल्या बाटलीत टाकले. पाणी गुलाबी झालं.

नानाजींनी दोन्ही बाटल्या उचलून उजेडात धरल्या.

"दोनीतलं पाणी मीच भरलं," ते सावकाश म्हणाले. "बूचबी मीच काढलं. याच्यात सोडा टाकला कोनं?" मग ते कौसल्याबाईंकडे वळले. "बाई, तुमचं काई नाई याच्यात. चुकलं आमचं."

कौसल्याबाई ओट्यावरून उठल्या आणि एकदम रडायला लागल्या. आजूबाजूच्या बायांनी त्यांना धरलं. मीही भिंतीला टेकून उभी राहिले.

आठवड्याच्या आत कुलूप निघालं. शेवाळ माजण्याचं कारण निघालं गावाचीच गटार. तिचं पाणी आणि गोठ्यांचं धुवण तलावात येऊन शेवाळाला खत मिळत होतं. पुढे इंजिनिअर लोकांनी गटार वळवली आणि गावाच्या खालच्या अंगाला एक उथळ टाकं खोदलं. त्याला ऑक्सिडेशन पॉन्ड म्हणतात. तिथे जीवाणू घाण कुजवतात, त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड शेवाळ खातं, आणि शेवाळाने सोडलेला ऑक्सिजन जीवाणूंना मिळतो. तलावात ज्याने मासे मारले, तेच शेवाळ इथे सांडपाणी साफ करायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात ढीवरांना मासळी मिळाली.

त्यानंतर नोकरीभर माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट शिकवली. नमुन्याच्या बाटलीवर जागा सगळेच लिहितात. वेळही लिहा.