घंटेचा उलटा माग

ही चूक सांगायची तर आधी यंत्र समजावून सांगावं लागतं, आणि तोवर ऐकणारा कंटाळतो. त्यामुळे इतकी वर्षं ती मी सोयीस्करपणे पोटात ठेवली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका सिमेंट कारखान्यात होतो. तिथे कपाटाएवढा संगणक भट्टीवर नजर ठेवायचा. भट्टीचं पोलादी अंग जास्त तापलं की त्यानं नियंत्रण कक्षात घंटा वाजवायची, एवढंच त्याचं काम. पण तो अधूनमधून रेंगाळायचा. वेळ कुठे जातो ते शोधायला मी त्याच्या मूळ प्रणालीतच, कर्नेलमध्ये, नोंदी घेणारा एक प्रोग्राम घातला होता. आत्ता कुठलं काम चाललंय आणि ते कुणी सांगितलंय, हे तो सतत टिपून ठेवायचा.

संगणकात एक काम दुसऱ्याला बोलावतं तेव्हा परत कुठे यायचं याची चिठ्ठी एका चळतीवर ठेवतं. ती चळत, म्हणजे स्टॅक, वरून खाली वाचत गेलं की कुणी कुणाला बोलावलं याचा उलटा माग लागतो. हा माग काढणारा भाग मी एकट्यानं लिहिला होता. त्याची मला इतकी घमेंड, की चहाच्या टपरीवरही मी दुसरं काही बोलत नसे. मित्र मला बघून रस्ता बदलायचे.

एका दुपारी भट्टीचं अंग लाल झालं, आतल्या विटा ढासळल्या, भट्टी बंद पडली. पाळीवर सावली तालुक्याकडचे एक ऑपरेटर होते, पन्नाशीचे, मितभाषी. सगळे त्यांना भाऊ म्हणत. चौकशीत ते एवढंच म्हणाले, "पयले लाल झालं साहेब, मंग घंटी वाजली. आधी वाजली असती त मी काऊन बसून राह्यलो असतो?"

घंटा कधी वाजली ते एरवी प्रिंटर छापायचा, पण त्या दुपारी तो अडकलेला होता, त्यामुळे छापील कागद नव्हता. सगळं माझ्या नोंदींवर आलं. अंग लाल होण्याच्या अर्धा तास आधीच्या नोंदींत घंटेचं नाव स्पष्ट होतं. मी तसा अहवाल दिला आणि सगळ्यांसमोर त्यांना म्हणालो, "भाऊ, मशीन खोटं बोलत नाही."

ते म्हणाले, "तुमी पाहून सांगता त वाजलीच असन. माहीच डुलकी लागली असन." त्यांनी माफीनामा लिहून दिला. त्यांना दगड फोडायच्या विभागात, धुळीत पाठवलं. मी त्या दिवशी पोटभर जेवलो, हे अजून आठवतं.

दोनेक महिन्यांनी घंटेची तार बदलली आणि सकाळी मी ती एकदा वाजवून पाहिली. दुपारभर ती गप्प होती, मी शेजारीच होतो. तरीही दुपारच्या नोंदींत तिचं नाव.

मी कागद पसरून बसलो. एखादं उपकरण मध्येच हाक मारतं तेव्हा संगणक चालू काम सोडून वेगळ्या चळतीवर जातो. ती कुठे संपते हे माझ्या प्रोग्रामला कळतच नव्हतं. तो तिच्याही खाली वाचत जायचा. तिथे संपलेल्या कामांच्या चिठ्ठ्या पडून असत, कारण संगणक त्या फाडत नाही. भट्टी बंद पडली त्या दिवशीही घंटेची चिठ्ठी होती ती सकाळची. पाळी सुरू होताना घंटा वाजवून बघायचा नियम होता. बाकीचे न वाजवताच रजिस्टरवर सही ठोकत. भाऊ मात्र रोज वाजवत. त्यांनीही टंगळमंगळ केली असती तर माझ्या प्रोग्रामला त्यांच्याविरुद्ध काहीच सापडलं नसतं.

दुरुस्ती जेमतेम दहा ओळींची होती. सीमा आली की थांबायचं, मूळ चळतीवर जायचं आणि तिथून पुढचा माग काढायचा. त्या दिवसाच्या कच्च्या नोंदींची टेप मी जपून ठेवली होती, ती पुन्हा चालवली. घंटेचं नाव गेलं. तो सगळा अर्धा तास संगणक अडकलेल्या प्रिंटरची मनधरणी करत बसला होता, म्हणून घंटा उशिरा वाजली.

कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी, आश्चर्य म्हणजे, कुरकुर न करता भाऊंच्या बदलीचा हुकूम मागे घेतला. मी धावतच भाऊंकडे गेलो. त्यांनी तोंडावरचं फडकं खाली केलं.

"भाऊ, घंटा आधी वाजलीच नव्हती. तुमचंच खरं होतं. चूक माझी."

ते चिडतील, शिव्या देतील असं वाटलं होतं. मला त्या हव्याच होत्या.

"नाई साहेब, वाजली होती," ते शांतपणे म्हणाले. "पयले वाटे, नाई वाजली. मंग तुमी सांगतलं, त रोज आठवून पाह्यलं. आता साफ ऐकू येते. ते वाजून राह्यली, अन् मी बसून हावो."

मी तिथेच बसून दगडांच्या चकत्यांची चळत रचली, एकेक उचलून सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मानही हलवली. मग फडकं पुन्हा तोंडावर बांधत म्हणाले,

"त्या खोलीत मले पाठवू नोका साहेब. माह्या कानाचा आता भरोसा नाई."