मुरबाडहून आणलेली रिटर्नची कॉपी

मंगळवारी मुरबाडला जाऊन आले. नातेवाईक नाहीत तिथे, लग्नही नव्हतं... माझ्याच टॅक्स रिटर्नची कॉपी मागायला गेले होते.

मी शहापूरजवळच्या सापगावची, अमेरिकेत शिकते. कॉलेजात पार्टटाइम काम केलं की तिथे आपल्यालाही रिटर्न भरावा लागतो. पहिल्या वर्षी आम्हा सहा जणांचे रिटर्न निलेशने भरून दिले. तो मुरबाडचा, एक वर्ष सीनियर. परक्या देशात शहापूर-मुरबाड म्हणजे एकच घर... त्याने लॅपटॉप पुढे केला आणि मी न वाचता सबमिट केलं. आपल्याच माणसासमोर एकेक ओळ तपासत बसायला कसंतरी वाटलं.

तर, परदेशी विद्यार्थ्यांचा फॉर्म वेगळा असतो. या शहाण्याने सगळ्यांचे रिटर्न तिथल्या रहिवाशांच्या फॉर्मवर भरले, वर त्यांनाच मिळणारी फीची सवलतही घेतली. हे मला आत्ता कळलं, सुट्टीत घरी आल्यावर, व्हिसाचे कागद जमवताना. मुलाखतीआधी दुरुस्ती पाठव, असा कॉलेजचा मेल आला. मुलाखत येत्या सोमवारी. व्हिसा अडकला तर शेवटचं सेमिस्टर गेलंच.

दुरुस्तीसाठी जुनी कॉपी हवी आणि ती निलेशच्या अकाउंटमध्ये. बारा दिवस फोन केले, मेसेज केले. ब्लू टिक यायची, उत्तर नाही. डोकं नुसतं फिरलं होतं... शेवटी त्याचं घर गाठलं.

घरी त्याची आई होती. ओळख सांगितल्यावर काकींनी चहा टाकला. "आमचा निलेश सगळ्यांचा करतो गो. तिथं तुमाला दुसरा कोण हाय?" त्याचा फोन लागत नाही, एवढंच मी म्हणाले.

काकींनी त्यांच्या मोबाइलवरून लावला, स्पीकरवर. तिकडे रात्र होती, तरी दुसऱ्या रिंगला उचलला.

कॉपी लगेच पाठवतो म्हणाला. मग म्हणतो, "तुझं अजून राहिलंय? माझं तर मी मागच्या वर्षीच दुरुस्त केलं..."

म्हणजे याला वर्षभर माहीत होतं. मी तोंड उघडायच्या आत काकी फोनजवळ वाकल्या.

"मंग हिला का नाय सांगितलास?"

निलेश म्हणाला, "कामात होतो." काकींनी फोन ठेवला. मला सोडायला स्टँडपर्यंत आल्या आणि एसटी सुटेपर्यंत उभ्या राहिल्या.

कॉपी एसटीतच आली. उघडली, दुसऱ्या ओळीत चूक दिसली. मनातल्या मनात निलेशला शिव्या देत होते... आणि बाकीचे पाच जण आठवले. त्यांचेही रिटर्न त्याच फॉर्मवर भरलेत. मला हे बारा दिवस माहीत होतं आणि मी एकालाही कळवलं नव्हतं. माझी मुलाखत, माझे कागद... कामात होते.

काकींचा प्रश्न आता मला होता. फार लाज वाटली.

शहापूर येईपर्यंत पाचही जणांना सविस्तर मेसेज टाकले. माझी दुरुस्ती बुधवारी गेली. निलेशला मी माफ केलेलं नाही, करेन असं वाटतही नाही.

पाचांतल्या एकीने लगेच विचारलं होतं, "तुला कधी कळलं?" तेव्हा उत्तर टाळलं. तिचीही मुलाखत याच महिन्यात आहे, म्हणून या पोस्टमध्ये सगळ्यांसमोर सांगते...

तुला मेसेज टाकायच्या बारा दिवस आधी.