लिंबुयानची यादी

व्हांजी पिलापिलच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, पण नऊ बेटांवरच्या नऊ तिकीटखिडक्या तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. सेबूच्या धक्क्यासमोर बोट कंपनीचं तीन मजली ऑफिस होतं. वरच्या मजल्यावर जिन्याला चिकटून एक कोंदट खोली, आणि त्या खोलीत सर्व्हर. नऊ बेटांवरच्या तिकीटवाल्या मुली आपापल्या डबडा कॉम्प्युटरवरून याच एका सर्व्हरवर येऊन काम करायच्या. त्यांच्यापुढे नुसती स्क्रीन असायची, काम सगळं इथे चालायचं. बेटावर वीज गेली, लाइन तुटली, तरी इथे त्यांचं काम होतं तसं उघडं राहायचं. मुलगी परत आली की अर्ध्या शब्दापासून पुढे लिहायला मोकळी.

व्हांजीचा बाप याच धक्क्यावर गोण्या वाहायचा. ती स्वतः एकोणिसाव्या वर्षी तिकीटखिडकीत बसली, तेव्हा प्रवाशांच्या नावांची यादी कार्बन लावून टाइप करावी लागे. कॉम्प्युटर आले तेव्हा ऑफिसातल्या पुरुषांना धडकी भरली, आणि ही मात्र दुरुस्तीवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसली. त्याच्याकडून शिकली, चुकत शिकली, शेवटी यादीचा सगळा प्रोग्रॅम तिने स्वतः लिहिला. मधल्या काळात साहेबांनी टाय लावलेले चार पदवीधर आणून बसवले. चौघेही उन्हाळ्याआधी पळाले, आणि व्हांजी बावीस वर्षं तिथेच राहिली. तिला त्याचा ताठा होता, आणि का नसावा?

अडचण एकच होती. प्रोग्रॅम आणि त्यातल्या याद्या, सगळ्यांची मिळून फाईल एकच. तिच्यात काही बदल करायचा, जुनी काढून नवी ठेवायची, तर नऊच्या नऊ मुली बाहेर पडलेल्या हव्यात. एक जरी आत राहिली तरी फाईल अडून बसते. म्हणून अशा दिवशी दुपारी बारा वाजता, सगळ्यांच्या जेवणाच्या वेळी, व्हांजी फोन घेऊन बसायची आणि एकेकीची हजेरी घ्यायची.

"लोर्ना, निघालीस?"

"निघाले, मानांग."

"तोंडाने म्हण."

"बाहेर! बाहेर! लग्नात पाद्रीनेसुद्धा एकदाच विचारलं होतं हो मला."

"त्याला काय, चुकलं तर तुझं चुकणार होतं. इथे माझं चुकतं."

मानांग म्हणजे थोरली ताई; मुली तिला तसं म्हणायच्या आणि मागे तिची नक्कल करायच्या. करोत बापड्या. जोवर जी ती आपल्या तोंडाने 'बाहेर' म्हणत नाही तोवर फाईलला हात लावायचा नाही, हा तिचा नियम होता. तो तिने कधी मोडला नव्हता, कारण त्या फाईलमध्ये माणसांची नावं होती. समुद्रात एखाद्या बोटीचं बरंवाईट झालं तर तिच्यावर कोण होतं हे सांगणारा कागद जगात एकच. दुसरी प्रत कप्तानाच्या खिशात असते, म्हणजे बोटीबरोबरच.

नऊजणींत लिंबुयान बेटावरची गिना तिची लाडकी, आणि सगळ्यात व्रात्यही तीच. गिनालिन तुमुलाक, वय सव्वीस, बोलायला लागली की समोरच्याची पाळीच येऊ द्यायची नाही. कधी सरळ बाहेर पडायची नाही. कोपऱ्यातली फुली दाबायची आणि उठायची. त्याने बेटावरची स्क्रीन बंद होते, इथलं काम उघडंच राहतं.

"गिना, दार लोटून घेतलं म्हणजे माणूस घराबाहेर पडला का गं?"

"मानांग, परत आत यायला आमच्याकडून पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्यात बोट येऊन निघूनही जाते. तुमची लाइन सुधारा, मग मी सुधारते."

यात तिचंही बरोबर होतं. लिंबुयानला बोटीचा दोर सुटेपर्यंत माणसं धावत येतात, कोंबडा काखेत नि पोर कडेवर. आणि यादी एकदा सेव्ह केली की तिला कुलूप लागतं, मग एक नाव वाढवता येत नाही. ते कुलूप व्हांजीनेच घातलेलं, कारण पूर्वी एका बेटावर कुणीतरी बोट गेल्यावर मागून नावं घुसडली होती. म्हणून गिना यादी स्क्रीनवर तशीच उघडी ठेवायची, बोट हलली की शेवटची नावं घालायची, आणि मग एकदम सेव्ह करायची.

त्या गुरुवारी सकाळी आर्नुल्फो साहेब हातात तटरक्षकांचं पत्र घेऊन वर आले. त्या दिवशी दुपारपासून यादीत लहान मुलांची वयं लिहायचा वेगळा रकाना हवा होता. तो नसेल तर दीडच्या बोटीला निघायची परवानगी नाही. पत्रावरची तारीख पाहून व्हांजीच्या कपाळाची शीर उठली.

"साहेब, हे रविवारी आलंय."

"आलं असेल. तू आज करशील ना?"

चार दिवस टेबलावर पडलेलं पत्र. पण साहेबांना कोण बोलणार? तिने रकाना तयार केला आणि बाराच्या ठोक्याला हजेरी सुरू केली. बाहेर आभाळ भरून आलेलं, वारा नैऋत्येचा. धक्क्यावर धोक्याचा बावटा लागलेला नव्हता, तरी लहान होड्यांचे मालक होड्या आत ओढून घेत होते. आठजणी तोंडाने 'बाहेर' म्हणाल्या. नववी लिंबुयान.

फोन वाजून वाजून थांबला. तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. गिनाचा मोबाइल लागेना, पण बेटावर तो नेहमीच लागत नसे. सर्व्हरवर लिंबुयानच्या नावापुढे लिहून आलं होतं की कनेक्शन तुटलेलं आहे आणि सव्वा तास काही हालचाल नाही. म्हणजे बया नेहमीसारखी फुली दाबून जेवायला गेलेली.

साहेब मागे येऊन उभे राहिले. "बारा पन्नास झाले. खाली दीडचे प्रवासी माझ्या डोक्यावर बसलेत."

"लिंबुयान आत आहे."

"आत आहे म्हणजे काय, तिथे माणूस तरी आहे का?"

"नाही. पण तिने म्हटलं नाही अजून."

"तू सर्व्हर सांभाळतेस का देवळाची घंटा? काढ तिला बाहेर."

लिंबुयानची साडेअकराची यादी आली आहे का, हे उघडून बघणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं. तेवढं तिने केलं नाही. का केलं नाही, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. साहेबांचा श्वास मानेवर जाणवत होता, एवढंच तिला आठवतं. तिने जुन्या फाईलची प्रत नेहमीप्रमाणे बाजूला काढून ठेवली, लिंबुयानवर जाऊन 'बाहेर काढा' निवडलं. कॉम्प्युटरने विचारलं, सेव्ह न केलेलं काम जाईल, चालेल? तो हे दर वेळी विचारतो. ती 'हो' म्हणाली.

एक वाजायला दोन मिनिटं असताना नवी फाईल बसली. दीडची बोट परवानगी घेऊन वेळेवर सुटली. साहेब इतके खूश की त्यांनी खालच्या टपरीवरून तिच्यासाठी केळीच्या पानातला भात आणि भाजलेलं डुकराचं मांस वर पाठवलं. ती दोन घास खाते न खाते तोच फोन वाजला. पलीकडे मानोंग केलो, म्हणजे केलोदादा, लिंबुयानच्या धक्क्यावरचा म्हातारा हमाल.

"मानांग, फोन केलात का? मी जेवायला घरी गेलो होतो, आताच आलो."

"गिना कुठाय?"

"गिना? ती बोटीवर. तिच्या आईला तुमच्याकडच्या दवाखान्यात ठेवलंय ना, निरोप आला तशी पळाली. बोट सुटता सुटता उडी मारून चढली. मला म्हणाली, मानोंग, यादी स्क्रीनवर आहे तशीच ठेवलीय. उतरल्यावर व्हांजी मानांगकडे बसून तीच उघडते, शेवटची नावं घालते नि सेव्ह करते. तुम्ही कशाला हात लावू नका."

व्हांजीने भाताचं पान बाजूला सारलं.

"मी लावला नाही हं हात," केलो म्हणाला. "नुसतं फडकं टाकून ठेवलंय, धूळ बसू नये म्हणून."

"मानोंग, किती माणसं चढली?"

"तीस असतील. चाळीसही असतील. पोरांना कुठं तिकीट असतं?"

"कोण कोण होतं? नावं सांगा मला."

"मला काय ठाऊक? काल फिएस्ता झाला ना आमचा, गावची जत्रा. सगळे पाहुणेच परत निघालेले. आमच्या गावचे तर खाऊनपिऊन आडवे झालेत. आपलं माणूस म्हणाल तर एक गिनाच."

फोन ठेवून तिने नव्या फाईलमध्ये पाहिलं. जुन्या फाईलच्या प्रतीत पाहिलं. लिंबुयान, गुरुवार, साडेअकरा: रिकामं. जे फाईलमध्ये कधी उतरलंच नव्हतं ते प्रतीत कुठून येणार? गिनाने या वेळी काहीही चुकीचं केलं नव्हतं. सर्व्हर होतं तसं जपून ठेवतो, या व्हांजीच्याच शिकवणुकीवर भरवसा ठेवून ती निघाली होती.

ती खाली साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. साहेबांनी आधी उठून दार लावलं.

"बोट कधी लागते?"

"तीन वाजता. पण नियम आहे, साहेब. बोट समुद्रात आणि यादी नाही, तर तटरक्षकांना लगेच कळवायचं."

"कळवायचं, आणि मग? कंपनीच्या सगळ्या बोटी उभ्या करतील. तीनला माणसं उतरतील तेव्हा एकेकाला नाव विचार, गिनाला शेजारी घे, यादी कर, सेव्ह कर. वेळ मागची टाक. कुणाच्या बापाला कळणार आहे?"

"आणि बोट आलीच नाही तर?"

"तुझ्या जिभेला काही हाड? उद्या कुणाला काढायची वेळ आली तर मी कुणाचं नाव घेईन, याचा जरा विचार कर."

तिने केला. बावीस वर्षांचा केला, आणि गप्प बसली. हे लपवण्यात अर्थ नाही. ती भित्री नव्हती, पण त्या दुपारी ती भ्याली आणि पुढचा दीड तास तिने खिडकीतून समुद्र बघत काढला. पाण्याचा रंग काळपट झाला होता. बोटीचा रेडिओ बाराला बोलला होता, त्यानंतर गप्प होता. तो एरवीही तासन्‌तास गप्प असायचा. आज तिला ते खरं वाटेना. गिनाचा मोबाइल ती दर पाच मिनिटांनी लावत होती. तेच ते संपर्कक्षेत्राबाहेर.

अडीचच्या सुमाराला पाऊस सुरू झाला. तीन वाजून गेले. सव्वातीनला एक माणूस जिना चढून थेट तिच्या दारात आला. दोन छत्र्या, एक हातात आणि एक काखेत. खालच्या मुलीने पाठवलं होतं.

"मॅडम, लिंबुयानच्या बोटीत माझी आई आहे का, बघता का? फिएस्ताला गेलेली. आज येते म्हणाली होती, पण तिचा नेम नाही, बहीण आग्रह करून उद्यावर ठेवूनही घेईल. म्हणजे मी थांबू का जाऊ?"

"नाव?"

"साल्व्हासियोन बास्कोन्येस. तुमच्या मशीनमध्ये असतं ना सगळं?"

व्हांजीने सवयीने नाव टाइप केलं. समोर काही नाही हे माहीत असताना ती स्क्रीनकडे बघत राहिली. माणूस आशेने मान वाकवून बघत होता. आई त्या बोटीत आहे का बेटावर जेवून झोपली आहे, हे सांगणारी एकच ओळ जगात होती आणि ती व्हांजीने पुसली होती. बारा पन्नासला, जेवणाआधी.

"थांबा," ती म्हणाली. "तुम्ही थांबाच."

साडेतीन. पावणेचार. धक्क्यावर आता छत्र्यांची गर्दी वाढली होती आणि सगळी तोंडं एकाच दिशेला. साहेब स्वतः वर आले. चेहरा उतरला होता तरी बोलणं तेच. "पावसाने उशीर होतोय. पाचपर्यंत थांबू. ऐकतेस ना? पाचपर्यंत."

"या आभाळाने पाचलाच अंधारून येईल, साहेब. शोधणाऱ्यांना दिसायला नको का?"

"शोधणारे? कोण शोधणारे? व्हांजी, फोन खाली ठेव."

तिने तटरक्षकांचा नंबर फिरवला. साहेबांनी हात पुढे केला तो तिने कोपराने बाजूला सारला. बावीस वर्षांत ती त्यांच्याशी अशी वागली नव्हती. पलीकडे तरुण आवाज होता, कामात बुडालेला. तिने बोटीचं नाव सांगितलं, सुटायची वेळ, लागायची वेळ, रेडिओ शेवटचा कधी बोलला ते.

"किती माणसं?"

"तीस ते चाळीस. लहान मुलं धरून किती, ते सांगता येत नाही."

"यादी पाठवा लगेच."

"यादी नाही."

"नाही म्हणजे? बोट यादीशिवाय सोडलीत?"

"यादी होती. मी पुसली. एक वाजायच्या आत, माझ्या हाताने. नवी फाईल घालायची होती."

इकडे साहेब खुर्चीत बसले. दोन छत्र्यांचा माणूस अजून दारातच होता आणि त्याने सगळं ऐकलं होतं.

"बाई, एकही नाव नाही तुमच्याकडे?"

"एक आहे. लिहा," व्हांजी म्हणाली. तिने नाव स्वच्छ सांगितलं, यादीत सांगतात तसं, आडनाव आधी. "तुमुलाक, गिनालिन. वय सव्वीस. राहणार लिंबुयान."

"लिहिलं. पुढचं?"

व्हांजीने दारातल्या माणसाकडे बघितलं. आईचं नाव लिहायला सांगू का, हे ती त्याला विचारू धजेना.

"पुढचं सांगा, बाई."