मांडवातली शिंक

राळेगावचे आमचे शेजारी रोज सकाळी अंगणात उभे राहून आठ-दहा वेळा शिंकतात आणि नाक पुसून झालं की दुसऱ्यांना ॲलर्जीचे उपाय सांगतात. "भाऊ, कायले गोळ्या खाता? नाकात गाईचं तूप सोडा." त्यांचे बरेच उपाय मी नेमाने करून पाहिले. हळदीच्या दुधाने थोडं बरं वाटलं, मधाने काडीचाही फरक पडला नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते खळखळून हसले. "मध नकली असन!"

झेंडू त्यांना मुळीच सोसत नाही. म्हणून मुलीच्या लग्नात त्यांनी देवाला घालतात तशा कापसाच्या माळांनी अख्खा मांडव सजवला. धास्ती एकच होती: मंगलाष्टकांत वधूचा बापच शिंकला तर वराकडचे अपशकुन मानतील.

पण वराकडून हार आले ते झेंडूचेच. शेवटच्या 'सावधान'च्या आधी शेजाऱ्यांनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि तरीही असे शिंकले की भटजी थांबले.

वराची आई पुढे आली. कमरेची ओव्याची पुरचुंडी काढून तिने व्याह्यांच्या हातावर ठेवली. "घ्या इवाई, हुंगा. मले बी झेंडू चालत नाही. सकायपासून दाबून राह्यली मी." एवढं बोलून तीही शिंकली.

भटजींनाच आधी हसू फुटलं. शेजाऱ्यांनी पुरचुंडी हुंगली, पुन्हा एकदा दणकून शिंकले आणि डोळे पुसत ओरडले, "वाजवा रे!"