चिमणीची वाटी

आज सकाळी भांडी जागेवर लावताना छोट्या वाटीला चमचा लागला आणि ती किणकिणली. माझा हात थांबला. ईरा, निहार, तुमची चिमणी बोलली होती.

सुट्टीत तुम्ही इथे होतात तेव्हा गोष्टीतली चिमणी या वाटीतून बोलायची आणि हत्ती मोठ्या पातेल्यातून. चमचा कोणी धरायचा यावरून तुम्ही भांडायचात.

परवा व्हिडिओ कॉलवर तीच गोष्ट सांगताना मी वाटी वाजवली.

"आजी, चिमणीला बोलू दे ना!" ईरा म्हणाली.

"अगं, आत्ता बोलली की!"

"छे! तू नुसताच चमचा हलवतेस."

मग तुमच्या बाबाने समजावलं, "आई, फोनला वाटीचा आवाज गोंगाट वाटतो, म्हणून तो गाळून टाकतो."

गोष्टीतले शब्द तेवढे तुमच्यापर्यंत पोहोचतात, नाद इथेच राहतो. मी तोंडाने चिवचिव करून गोष्ट पुरी केली.

आता ती वाटी मी संचातून वेगळी काढून ठेवली आहे. तिच्यात कोणाला आमटी वाढणार नाही. पोचा पडला की वाटीचा आवाज बदलतो, आणि तुम्ही याल तेव्हा चिमणी तुम्हाला ओळखू यायला हवी.