घोडीच्या तोंडातलं लोखंड

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नातेपुत्याकडची शेती भावाच्या हवाली केली आणि सोलापुरात येऊन टांगा घेतला. तोवर त्यांचं सगळं आयुष्य बैलांत गेलेलं. दसऱ्याच्या सुमारास अक्कलकोटकडच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी तांबूस घोडी आणली. तिला कानडीच कळायचं. ‘बा’ म्हटलं की यायची, ‘निल्लु’ म्हटलं की थांबायची. आबा हे दोन शब्द आमच्या गावाकडच्या हेलात म्हणायचे, तरी ती बिचारी समजून घ्यायची.

रोज सकाळी सहा मुलींना शाळेत पोचवायचं, ही आमची बांधलेली वर्दी. घर तिच्यावरच चालायचं आणि माझं कॉलेजही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे घोडीचं खाणंपिणं मला माझ्या पुस्तकांइतकंच जवळचं होतं. वर्दीवरून आली की घामेजलेलं अंग गोणपाटानं कोरडं करायचं, मग झूल घालायची, पाणी कोमट करून पाजायचं, हे काम माझ्याकडे होतं.

दिवाळी सरली, थंडी पडली आणि घोडी बिघडली. दुपारी, संध्याकाळी शहाण्यासारखी वागायची. सकाळी मात्र लगाम दिसला की मान आभाळाला आणि दात घट्ट. एकदा तिनं डोकं असं झटकलं की आबांची हनुवटी फुटली. त्यांनी तिच्या वरच्या ओठाला दोरीचा पीळ घालून लगाम चढवला. ओठ सुजला. दुसऱ्या दिवशी ती दोरी बघूनच मागं सरकायला लागली.

“बैल असता तर येसण धरून सरळ केला असता,” आबा म्हणायचे. “हिला धरायचं कुटं?”

शेजारी एक म्हातारे टांगेवाले चाचा राहायचे. ते आपला टांगा जोडता जोडता हाक मारायचे, “क्या मियाँ, दुल्हन आजबी रुसली काय?”

त्या आठवड्यात मुली तीनदा शाळेला उशिरा पोचल्या. शनिवारी त्यांच्यातल्या एकीच्या वडिलांनी स्पष्टच सांगितलं, सोमवारी उशीर झाला तर दुसरा टांगा लावू. आबांनी त्याच दुपारी व्यापाऱ्याला निरोप धाडला : घोडी खोडील निघाली, सोमवारी येऊन घेऊन जा, बदल्यात दुसरं जनावर दे. खोडील म्हणून शिक्का बसलेली घोडी पुढे वीटभट्टीवर जाते, हे मला माहीत होतं. मी त्या दिवशी जेवले नाही.

रविवारी सकाळी आबा कडबा आणायला गेले आणि मी लगाम घेऊन तिच्यापाशी गेले. आबा करायचे तसं आधी बोलले, मग डाव्या खांद्याशी उभी राहिले. तिच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळली नाही, नुसती मुठीत धरली. लगामाचे पट्टे एकमेकांत अडकले होते. एक हात दोरीवर, दुसरा पट्ट्यांत, म्हणून तोंडात घालायची लोखंडी कडी मी स्वतःच्याच दातांत धरली.

अशी कळ मस्तकात गेली की डोळ्यांत पाणी आलं. माझी एक दाढ किडलेली होती. लोखंड रात्रभर दवात टांगलेलं, बर्फासारखं गार. मी कडी थुंकली आणि घोडीकडे बघत राहिले. रोज सकाळी आम्ही हेच तिच्या तोंडात कोंबत होतो! बैलाच्या तोंडात कुणी लोखंड घालत नाही, त्यामुळे आबांना हे सुचायचं कारणच नव्हतं.

मी लगाम घेऊन थेट चुलीकडे निघाले. आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

“चामडं घेऊन कुटं चाललीस?”

“कडी शेकायला. तिचे दात गारठत्यात, आई.”

“कालिजात हेच शिकीवत्यात व्हय? चामडं चुलीपाशी? म्हणून तर ते भाईर टांगतोय की आपन!”

तेच तर कारण होतं. आमच्या घरात चामड्याची वस्तू उंबऱ्याच्या आत यायची नाही. बैलांचं लाकडी जू घरात आलं तरी चालायचं, लगाम नाही. मी वाद घातला नाही. गार कडी तिच्यापुढे धरली आणि म्हटलं, “नुसती दातांना लाव.”

आईच्या दातांना गार पाणीसुद्धा सोसायचं नाही. तिनं कडी गालाला लावून बघितली आणि हात मागे घेतला. मग आंघोळीचं कढत पाणी डब्यात ओतून तिनं डबा उंबऱ्याबाहेर ठेवला.

“कडी तेवढी बुडीव. पट्टं भाईर ऱ्हाऊ दे. आन् लई तापवू नगंस, जीभ पोळंल तिची.”

बाळाचं दूध बघतात तशी मी कडी मनगटाला लावून बघितली आणि हळूच घोडीच्या ओठांशी नेली. ती मागे सरली. मी ‘बा’ म्हटलं आणि थांबले. तिनं हुंगलं, पुन्हा हुंगलं. तिसऱ्यांदा मी अंगठा दात नसलेल्या जागी, ओठाच्या कडेला ठेवला आणि तोंड उघडलं. कडी आत गेली. आई मागून पुटपुटली, “आगं बया.”

आबा परतल्यावर आम्ही दोघींनी एकदमच सांगायला सुरुवात केली. ते हसले. “घोडीची दाढ दुखतीया व्हय? उद्या मिशरी मागंल.” पण व्यापाऱ्याला नको म्हणून निरोप धाडायला ते तयार झाले नाहीत. उद्या बघू, एवढंच म्हणाले.

सोमवारी पहाटे बोटं वाकत नव्हती इतका गारठा होता. मी सांगायच्या आधीच आईनं कढत पाण्याचा डबा बाहेर आणला. मी कडी बुडवून, पुसून आबांच्या हातात दिली. त्यांनी ती मनगटाला लावली, माझ्याकडे बघितलं आणि घोडीपाशी गेले. ती दोन पावलं मागे सरली. आबांनी ओठाला पीळ घालायची दोरी कमरेची सोडून लांब भिरकावली. “बा गं, बा.” घोडीनं मान खाली केली. लगाम चढला. चाचांचा टांगा अजून जोडून व्हायचा होता. त्यांनी तोंडावर आलेली थट्टा गिळली आणि म्हणाले, “वा बेटी!”

मुली शाळेत पोचल्या तेव्हा घंटा व्हायला अजून अवकाश होता. आबा परतले तेव्हा व्यापारी दोरी घेऊन दारात बसलेला.

“हीच व्हय तुमची खोडील घोडी?”

“खोडील आमी हुतो,” आबा म्हणाले. “च्या घ्या आन् जावा. घोडी द्यायची न्हाय.”

व्यापारी चहा घेऊन निघून गेला. आबांनी घोडी टांग्यातून सोडली नाही. मला म्हणाले, “पुस्तकं घे. चल, सोडतो.” कॉलेजच्या फाटकाशी टांगा थांबला. मुलंमुली वळून बघत होती. एरवी मी लाजले असते. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर घोडीच्या गळ्यावर थोपटलं, आबांच्या पायांना हात लावला आणि ताठ मानेनं आत गेले.