खंडेनवमीला पुजलेला सापळा

कुपवाडच्या बियाणे गोदामात मी तांत्रिक सहायक म्हणून रुजू झाले, तेव्हा मला खुर्ची लगेच मिळाली, काम मात्र मिळेना. उन्हाळ्यात गव्हाचं बियाणं पोत्यांनी यायचं, पावसाळाभर थप्प्या लावून पडायचं आणि दिवाळीच्या सुमाराला कुंडलपासून आटपाडीपर्यंतच्या शेतकऱ्यांकडे जायचं. मधल्या काळात त्याला कीड लागू द्यायची नाही, एवढ्यासाठी मला घेतलेलं. आमच्या साहेबांच्या मते त्यासाठी प्राणिशास्त्राची पदवी कशाला, विषारी गोळ्या टाकणारा एक माणूस पुरे. हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं. मग मीही तोंडावरच सांगितलं, की गोळ्या कुणीही टाकेल, कधी टाकायच्या ते कळायला पदवी लागते.

ही जीभ मला आईकडून मिळाली. आई सांगलीच्या मार्केट यार्डात धान्य निवडायला जायची. पाखडायचं, चाळायचं, किडके दाणे वेगळे करायचे, आणि हे सगळं दुकानाच्या पायरीखाली बसून. आजोबांनी बौद्ध धम्म घेतल्यापासून आमच्या घरातले देव गेले होते आणि पुस्तकं आली होती, पण यार्डातली ती पायरी जागची हलली नव्हती. आत पोती, बाहेर आई. खंडेनवमीला दुकानात वजनकाट्याची पूजा व्हायची, तेव्हा तिच्या ओंजळीत वरून पेढा पडायचा. ती तो तिथंच ठेवून यायची. संध्याकाळी तिच्या पदरातून सोंडे आणि पोरकिडे निघायचे. मी ते काडेपेटीत जमवायची. माझं प्राणिशास्त्र त्या काडेपेटीत सुरू झालं.

नव्वदच्या दशकाच्या मधली ती वर्षं. कृषी महाविद्यालयातल्या एका सरांनी मला चाचणीसाठी कामगंध सापळ्याच्या वड्या दिल्या. वडी म्हणजे पेन्सिलीच्या खोडरबराएवढं रबराचं बूच, त्यात किड्याचा वास भरलेला. आपल्या नाकाला त्यातलं काही कळत नाही. सापळा मी कुपवाडातल्याच एका वर्कशॉपमधून करून घेतला. वर पत्र्याचं छप्पर, खाली पत्र्याचं ताट आणि ताटावर राळ न् एरंडेल उकळून केलेला चिकटा. वड्या थंडीत ठेवाव्या लागतात, म्हणून त्या साहेबांच्या केबिनमधल्या फ्रिजात गेल्या. साहेबांनी त्या दिवसापासून त्या फ्रिजातलं पाणी प्यायचं सोडलं.

नावातल्या 'काम' या शब्दावर हमाल गालातल्या गालात हसायचे. मी त्यांना बसवून सगळं समजावलं. खापरा भुंगेऱ्याची मादी वास सोडते आणि तिच्याकडं फक्त नर धावतात. त्यांचं मोठेपणीचं आयुष्यच एवढंसं, की त्यात जेवणाखाण्याला सवड नसते. पण दाणा पोखरणारा जो बारीक तपकिरी भुंगा असतो, त्याची तऱ्हा निराळी. हा बराच जगतो. नर उडत उडत येतो, चांगला गहू सापडला की खायला बसतो आणि खाता खाता वास सोडतो. त्या वासावर माद्या येतात, तसे दुसरे नरही येतात. आमच्या वडीत त्याचाच वास होता. दाणे पोखरून पीठ पडायला लागायच्या आधी, चार किडे कुठं तरी फिरत असतानाच ते आपल्याला कळावेत, यासाठी हा खटाटोप.

"म्हंजी ह्यो जेवायला बसल्याव सगळ्या गावाला हाळी देतो," आमचे हवालदार म्हणाले. "आमच्या भावकीत आसलं एक बी न्हाई."

हवालदार म्हणजे गोदामाचे राखणदार. सातारा जिल्ह्यातले, घरी उसाचं बागायत, पण फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर शेतात मन रमेना म्हणून आमच्याकडं. गोदामाच्या दारातला झाडूसुद्धा त्यांनी सावधानमध्ये उभा केलेला असायचा. माझ्यावर त्यांचा जीव होता, पण तो ते हुकूम सोडूनच दाखवायचे.

त्या वर्षी पावसाळा संपताना सापळ्यात भुंगे दिसू लागले. आधी एखादा, मग चार-दोन, मग आठवड्याला वाढतच गेले. पोत्यांत नळी खुपसून काढलेल्या नमुन्यात मात्र एकही नव्हता. साहेब म्हणाले, गहू स्वच्छ आहे, तुमचा सापळाच बाहेरचे किडे आत बोलावतोय. मी म्हटलं, दसऱ्यानंतर आकडा बघू आणि ठरवू. त्यांनी ते मान्य केलं, पण एका अटीवर. सापळा खोटा ठरला तर पुढच्या वर्षी सापळा नाही. सापळा नाही म्हणजे मीही नाही, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मला ते न बोलताच कळलं.

दसऱ्याला मी आईला घेऊन नागपूरला, दीक्षाभूमीवर गेले. आमचा सण तो. परत येऊन गोदामात पाऊल टाकलं तर साहेब दारातच हसतमुख उभे. सापळ्यात एकही किडा नव्हता. ट्रक ठरले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी बियाणं निघणार होतं.

मी आत जाऊन सापळ्याखाली उभी राहिले. बाहेर ऑक्टोबरचं ऊन तापलेलं, भुंग्यांच्या उडण्याचे हेच दिवस. आठवड्याआठवड्याला वाढत आलेले किडे असे एकाएकी राजीनामा देऊन जात नाहीत. स्टूल घेऊन मी सापळा खाली काढला. ताट आरशासारखं लखलखत होतं. चिकट्याचा थेंब नाही, वडी नाही. घासलेटचा वास येत होता, आणि छपराच्या मधोमध कुंकवाचं एक बोट उठलेलं होतं.

माझं डोकं फिरलं. "हवालदार, ह्याला हात कुणी लावला?"

"मीच की," ते छाती काढून म्हणाले. "खंडेनवमी न्हवती का? काटा पुजला, दाभणं पुजली, हमालांचं आकडं पुजलं. तुमी न्हवता. मग तुमचं हत्यार तेवढं बिनपूजंचं ठिवायचं? आन् त्याच्यावर त्ये मेल्यालं किडं, चिकाट. आसलं हत्यार पूजंला ठिवत्यात व्हय? फौजेत बंदूक पुजायच्या आधी नळीतनं फडकं फिरवावं लागतं. घासलेट लावून येक नंबर साफ केलं. आन् काट्याच्या शेजारी मांडलं, म्याडम, खाली न्हाई."

मी भांडायला तोंड उघडलं होतं. काट्याच्या शेजारी. माझ्या आईला ज्या पूजेच्या पायरीवर कुणी चढू दिलं नाही, तिच्यात माझं हत्यार काट्याच्या शेजारी मांडलं गेलं होतं, आणि मांडणाऱ्याला आपण काही विशेष केलं असं वाटतही नव्हतं. मला अभिमान वाटला. आणि त्याच मानापायी दुसऱ्या दिवशी किडका गहू कुणाकुणाच्या शेतात जाणार होता, आणि मी घरी.

मी साहेबांकडं गेले. म्हटलं, आजची एक रात्र द्या. उद्या सकाळी ताट रिकामं असेल तर मी स्वतः ट्रक भरून देते आणि राजीनामाही देते. साहेबांनी हवालदारांकडं बघितलं. हवालदार म्हणाले, "साहेब, चूक माजी हाय. रात द्या." साहेबांनी ट्रकवाल्याला फोन लावला.

ताटावर नवा चिकटा लावला, फ्रिजातली नवी वडी टांगली. दिवस कलला तशी मी घरी गेले. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येतील. किडा जेवन सोडत न्हाई."

सकाळी मी पोचले तेव्हा हवालदार स्टूल लावून, हात मागं बांधून सापळ्याखाली उभे होते. "मी हात लावला न्हाई," ते म्हणाले. मी ताट खाली काढलं. पत्रा दिसत नव्हता, इतके भुंगे. साहेबांनी भिंग मागून घेतलं, बराच वेळ बघितलं, मग थप्पीतली मधली पोती उतरवायला सांगितली. मधल्या पोत्यांच्या शिवणीतून बोटभर पीठ निघालं. वरवरच्या नमुन्यात ते कधीच आलं नसतं. थप्प्यांवर ताडपत्री पडली, धुरी दिली, आणि बियाणं जरा उशिरा पण धडधाकट गेलं. गहू उगवून आल्यावर आटपाडीचा एक शेतकरी मुद्दाम गोदामात येऊन सांगून गेला, की पेरलेलं तास सलग उगवलंय, मधे कुठं खाडा नाही. साहेबांनी स्वतःहून दुसरे सापळे करायला मला वर्कशॉपमध्ये धाडलं. मी त्यांच्यासमोर फार हसले नाही. बाहेर येऊन हसले.

पुढच्या खंडेनवमीला हवालदारांनी आधीच विचारलं, पुजायचा कुठला सापळा आणि कामाचा कुठला. मी एक जुना, रिकामा सापळा काढून दिला. आणि त्या दिवशी मी आईला गोदामात घेऊन आले. ती सवयीनं दाराबाहेर चपला काढून थांबली. हवालदार म्हणाले, "आवं, तिथं का हुबा? आत या. तुमच्या लेकीचं हत्यार हाय, हळदकुंकू तुमीच लावा."

"आमी पूजा करत न्हाई," आई म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत आली. "मला त्यो कामाचा सापळा दावा."

मी दाखवला. वडी कुठली, वास कुठून जातो, किडा कुठून येतो. चिकट्यावर दोन-तीन भुंगे होते. तिनं वाकून ते नीट बघितले. आयुष्यभराची ओळख होती त्यांची. मग ती काट्याकडं, हमालांकडं, साहेबांकडं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी जलमभर ह्यांच्या मागं सूप घिऊन पळली. माझी लेक ह्यांना जाग्याव बसून बोलावती, आन् ती येत्यात."